नाइट ड्युटी, मिरज

अडीचला नऊ नंबरची सलाईन बदलली,
नाडी मोजून तक्त्यावर लिहिली,
मग खिशातला फोन काढला.
आर्जवी: ऑनलाइन.

सांगलीत, विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत
माझी पंधरा वर्षांची पोर
पांघरुणात उजेड लपवून जागी आहे.
तिचा बाप शेजारी घोरतोय.
त्याला वाटतं, दार लोटलं की मूल झोपतं.

टाइप केलं, झोपलीस का?
लगेच उत्तर, हो.

हसू आलं.
तेवढंच.

सहामाहीपासून डबा अर्धा परत येतो.
स्वतःचे वीस-वीस फोटो काढते, सगळे पुसते.
कुणी काही लिहिलं का गं, विचारलं
तर म्हणते, काही नाही.
इथं टाके ओढत असलेले पेशंटही
राउंडला डॉक्टर आले की
काही नाहीच म्हणतात.

रागवायला अंगठा उचलला,
आणि लक्षात आलं,
तिलाही दिसत असेल: आई, ऑनलाइन.
रात्रीचे अडीच.

मग लिहिलं,
मीही जागीच आहे. बोलायचंय?

टाइप करतेय...
थांबली.
परत टाइप करतेय...

नऊ नंबरची घंटा वाजली.
फोन टेबलावर
उताणा ठेवून गेले.