डावीकडचा बोल्ट

ऐरोली, सेक्टर वीस. रविवार, साडेनऊ.
पार्किंगमध्ये पाटी आहे :
येथे गाड्या दुरुस्त करू नयेत.
त्याच पाटीच्या खांबाला टेकवून ठेवलाय मी
जॅकचा दांडा.

ओम्नी माझी. सतरा वर्षांची.
मागच्या सीटा काढून तिथे डबे, बासष्ट,
आणि रबाळ्याच्या एका कँटीनसाठी उसळीचं पातेलं.
गतिरोधक आला की गाडी उठते बसते, उठते बसते,
उसळ मागून माझ्याशी भांडते.
शॉकअप गेलेत दोन्ही.
गॅरेजवाल्याने मजुरी सांगितली.
मी दोनदा ऐकली
आणि नवी जोडी घेऊन घरी आले.

पुढच्या चाकांना विटा.
जॅकवर भरवसा नको म्हणून शेजारी लाकडाचा ओंडका.
पाठीखाली तांदळाचं रिकामं पोतं.

वरचा नट सुटला, शहाण्यासारखा.
खालचाही.
पण बोल्ट
बुशीला असा धरून बसलेला
की कुठलं लोखंड कुठे संपतं
ते दोघांनाही आठवत नसावं.

शुक्रवारी रात्री तेल मारलं होतं. शनिवारी दोनदा.
तारेच्या ब्रशने घासला तेव्हा गंज तोंडात पडला,
जिभेला आधी कळलं : खाडी.
रिंग पाना लावला. पान्यात पाईप,
मोरीचा नळ बदलला त्यातला उरलेला, दोन फूट.
लोंबकळले. हलेना.
पाय लावून रेटलं,
तेव्हा हलली ती गाडी.
मग हातोडी. तिसऱ्या ठोक्याला दुसऱ्या मजल्यावरून
सौ. करंबेळकर :
"अहो, आज रविवार आहे!"
"मलापण रविवारच आहे!"

तेवढ्यात पुंडलिक भोपी. दिवागावचे.
हातात बोंबलांची पिशवी.
चाळीस वर्षं होड्यांची इंजिनं खोलली त्यांनी,
आता गुडघे वाकू देत नाहीत.
उभ्यानेच ऐकलं थोडा वेळ,
डॉक्टर खोकला ऐकतात तसं.
"सोरू नुको, बाय. पयलं आवल."

त्यांच्या तोंडी ड चा र होतो, ळ चा ल,
पण मला कळलं नाही ते भाषेमुळे नव्हे.
तीन दिवस ज्याला सुट म्हणून विनवलं
त्यालाच आवळायचं?
हात तयार होईना.
"आवल जरासा. मंग सोर. परत आवल.
त्याला वाटूं दे, तू त्याचेच बाजूची हायेस."

आवळला.
कट्.
एवढासा आवाज, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.
सोडला. आवळला. तेल.
पाव फेरा, परत मागे, अर्धा फेरा,
तिखटासारखी लाल भुकटी माझ्या मनगटावर.

सव्वाबाराला बाहेर आला,
मधोमध झिजून
बारीक झालेला.
भोप्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.
"बोंबील गेलं," म्हणाले, "पन बोल्ट आला."

मग उजवी बाजू. आता मी तयारीत :
पाईप, हातोडी, तेल,
दोन शिव्या राखून ठेवलेल्या.
पाना लावला
आणि बोल्ट फिरला. नुसता फिरला.
शेवटचे आटे तर बोटांनीच.
मला जरा अपमानच वाटला.

भोप्यांनी तो घेतला, उन्हात धरला,
नाकाशी नेला.
"यो मसाला हाय."

मी आतून वर पाहिलं.
पत्र्याला भोक, आठाण्याएवढं.
बरोबर त्यावर येतं पातेलं, रोज,
आणि तीन वर्षं, प्रत्येक गतिरोधकाला,
थेंब थेंब तर्री.
किती चिडले असेन त्या सांडण्यावर.
झाकणं बदलली. फडकी बांधली.
शेवंतीला तर रोजच बोलायचे :
काठोकाठ भरू नकोस गं, निम्मं रस्त्यात जातं.

नवे शॉकअप बसले. नव्या बोल्टांना
दोन्हीकडे भरपूर ग्रीस.
हात तीनदा धुतले तरी
नखांत गंज आहे, आणि चवळी भिजवायची आहे.

शेवंती पहाटे पाचला येईल.
तिला काय सांगायचं ते ठरवलेलं नाही.
भोक बुजवायचं का, तेही.