पाकिटात अर्धी बी

ऑरेल,
तू इंडियानाहून पाठवलेल्या पर्सिमनच्या सात बिया
मी रागातच पेरल्या.
बापाच्या होडीचा सौदा परस्पर केलास
आणि वर हे पाकीट: लाव, जगतील.
इथे? जिथे जूनच्या पाच तारखेलाही
बादलीतल्या पाण्यावर काच धरते?

तीन रोपं पहिल्याच हिवाळ्यात गेली.
एक सशाने सोललं.
एकावरून बर्फ उपसायचं यंत्र मीच नेलं,
आता खोटं कशाला बोलू.

उरली दोन.
मे सरतो, सफरचंदं फुलून मोकळी होतात,
बर्चची पानं जून व्हायला लागतात,
आणि ही दोघं काळी ठिक्कर,
कोळशाच्या विटा रचून ठेवल्यासारखी.
दरवर्षी वाटतं, संपलं.
दरवर्षी मी शेंड्याची फांदी वाकवतो,
अंगठ्याच्या नखाने साल खरवडतो,
तर खाली हिरवं.
एवढंसं. नखात मावेल एवढं.

त्यातलं एक नर निघालं.
अकरा वर्षं पाणी घातल्यावर कळलं.
सोलांज म्हणाली, तेरियो घराण्याची रीतच आहे ती.

मादी गोठ्याच्या दक्षिण भिंतीशी.
तिच्या बुडाशी पाण्याची पिंपं ठेवली, काळ्या रंगाची,
दिवसाचं ऊन रात्री तिला परत द्यायला.
सप्टेंबरात शिडी लावून गोधड्या पांघरल्या;
आईची निळी गोधडीसुद्धा,
तुला हवी होती ती.
तरी दोन गोठत्या रात्रींच्या मधे
आम्हाला दिवस मिळतात एकशे अठरा.
गोठ्याच्या दारावर खडूने मोजतो मी.
दारावर आता जागा नाही.

लोक म्हणतात, कडाका पडला की फळ गोड होतं.
काही नाही होत.
कच्चं असेल तर कच्चंच मरतं.
मी चाखलंय ना, सलग सहा वर्षं,
जीभ लोकरीची होते, गाल आत ओढले जातात,
आणि दिवसभर कुणाशी बोलवत नाही.
तुला फोन करायचा राहिला तो
दरवेळी त्यामुळेच असं नाही.

यंदा ऑक्टोबर रेंगाळला.
पानं गळाली, फळं राहिली.
एकतीस धरली होती, नऊ पिकली.
काल पहिला बर्फ पडला
आणि त्यावर एक आपण होऊन पडलं,
सुरकुतलेलं, कानाच्या पाळीइतकं मऊ.
पुसलं नाही, तसंच खाल्लं.
जर्दाळू, काकवी, आणि मागे थोडा धूर.
सोलांजला अर्धं ठेवायचं होतं. राहिलं नाही.

आत बी होती. नर उभा होता म्हणून होती.
तू सांगायचास तशी कडेवर धरून चिरली:
काटा निघाला तर हिवाळा सौम्य,
सुरी निघाली तर वारा कापत येणार,
चमचा म्हणजे फावडं.
चमचा निघाला, ऑरेल.
पांढराशुभ्र, दांड्यासकट.

चमचा माझ्याकडे ठेवलाय, खिडकीत.
दुसऱ्या अर्ध्यात त्याचा नुसता ठसा आहे.
तो यासोबत पाठवतोय.
आता फावडं शोधायला जातो.
दोन होती ना आपल्याकडे?