एका चुलीवर जेवणारे

प्रशिक्षणात तीनदा सांगितलं:
एका चुलीवर जेवतात, ते एक कुटुंब.
मी वहीत अधोरेखितही केलं. शिक्षिकेची खोड.

माझा गट एकशे सदतीस.
अंबडच्या कारखान्यांमागे पत्र्याच्या चोवीस खोल्या,
नाल्यापलीकडे अकरा मजल्यांचा टॉवर,
मध्ये सिमेंटचा पाइप टाकून केलेला पूल.

पहिल्या खोलीत बिरजू महतो आणि मंडळी.
नऊ माणसं, तीन खाटा, तीन पाळ्या.
एक उठून कार्ड पंच करायला जातो,
दुसरा त्याच्याच उबेत आडवा होतो.
गावी किती जण?
त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढा मोठा आकडा
कुणी एकट्यानं सांगायचा नसतो बहुतेक.
कुटुंबप्रमुख कोण?
झोपलेल्याकडे बोट दाखवलं. सगळे हसले, दबक्या आवाजात.
स्वयंपाक कशावर?
डब्यावर.

शेजारी झुंबराबाई पगारे. घरची तोंडं पाच,
पातेली मात्र लग्नघरातली.
जमीन शेणाची की फरशीची?
'अर्धी अर्धी. पैसे संपले तिथून शेण.'
मुलं किती झाली?
बोटं मोजता मोजता ती पाचव्यापाशी थांबली,
मग मूठच मिटून घेतली.
'चार लिहा.'
धाकटा माझ्या वर्गात. यंदा पट एकोणीस,
वीसच्या खाली गेलो म्हणून वरून पत्र आलंय.
इथे माणूस मावत नाही
आणि तिकडे माझे बाक रिकामे.

टॉवरला चव्वेचाळीस दारं, सतरांना कुलूप.
वॉचमन म्हणाला, 'राहायला नाही, भाव वाढायला घेतलेत.'
सातव्या मजल्यावर गायधनीकाका,
नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त.
तेहेतीस वर्षं नोटा छापल्या,
घरी आली ती नखांतली शाई.
दोघंच. मुलगा टोरांटोला.
नातवंडं?
'कुत्रा पाळलाय त्यांनी. रकाना आहे का त्याला?'
काकू आतून म्हणाल्या, 'अहो, पुरे.'
स्वयंपाक कशावर?
काकूंचे गुडघे गेलेत. ओट्यावर घासून ठेवलेला
चार पुडांचा डबा. झाकणावर खिळ्यानं कोरलेलं:
झुं. पगारे.

मी तिथेच सोफ्यावर बसले.
नियमाप्रमाणे मग नऊ, पाच आणि दोन,
एक चूल, एक कुटुंब,
मध्ये फक्त नाला.

पर्यवेक्षकांना फोन लावला.
'मॅडम, डोकं चालवू नका. दार दिसलं की कुटुंब.'

परतताना अडीच वाजलेले.
झुंबराबाईनं काही न विचारता
भाकरीवर ठेचा ठेवून हातात दिला,
उंबऱ्यातच, उभ्या उभ्या.
मग ॲप उघडलं, आकडा भरला.
लाल अक्षरांत आलं:
खोली एक, माणसं सतरा.
खात्री आहे?

बोटाला तेल होतं.
तीनदा दाबलं, उमटेना.