टिळकवाडी, दुसरं गेट, रविवार

बस गा. तिकडं नको, पंख्याखाली चिठ्ठ्या उडतात.
हा नकाशा पिराजी चौगुल्यांनी ताडपत्रीवर रंगवलाय,
निळा पुरला नाही, म्हणून समुद्र निम्मा हिरवा.
फासा शोधू नकोस. नाही.
इथं पडतो तो माणूसच.

पंधरा मिनिटं बोलायचं, मग लिहायचं,
सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या.
जिन्यात जा, गॅलरीत जा, सगळ्यांशी बोल,
ज्याला बुडवायचंय त्याच्याशी आधी.
गप्प बसलेल्याची वाटणी बाकीचे करतात.
माझी झाली होती,
पहिल्याच रविवारी, गिरमिट संपायच्या आत.

इरण्णा हुक्केरी "नोडोण" म्हणाला तर नाही समज.
आपलं "बघू" तेच, फक्त चप्पल निराळी.
पण "आय्तु" म्हणाला की कान दे:
त्याचा अर्थ ठरलं असा होतो,
आणि संपलं असाही.

फिलोमिनाबाई खोटं बोलत नाहीत.
चार वर्षांत एकदाच बोलल्या
आणि अख्खा दक्षिण किनारा घेऊन गेल्या.
तू पहिल्याच दिवशी चिमूटभर गावासाठी
तोंड खर्चू नकोस.

शेजाऱ्याशी हद्द ठरव. मधलं एक घर मोकळं सोडा,
दोघांनीही शिरायचं नाही असं.
आणि दर डावाला पहिल्यांदा तिकडंच बघ.
बंदर उघडं टाकून काकतकर पुढं धावले,
परत आले तर घरात दुसऱ्याचे चिंचोके.

हरायला लागलास तर चिडू नकोस, उपयोगी हो.
दोन चिंचोके उरलेला माणूस
नऊवाल्याला फार लागतो बघ.

हं, आणि या एका गावाला दोन नावं आहेत,
पिराजींनी मुद्दाम ठेवलीत. कुठलंही लिही, चालतं.
त्यावर इथं भांडायचं नाही,
ते बाहेर भरपूर होतं.

थांब. गेट पडलं. गाडी येऊलालीय.
हात ठेव नकाशावर, सोंगट्या हलतात.
बघ सगळ्यांकडं:
गाडी जाईस्तोवर सातही वैरी
एकमेकांचे चिंचोके जपून धरतात.
एखादा सरकतो मधेच.
कुणी सरकवला, विचारायचं नसतं.

बरं, तू लाल ना?
मी तुझ्या पूर्वेला.
चल, जिन्यात जाऊ.