हमी

हिबिंगच्या बँकेत हीटर जरा जास्तच लावतात.
कोट काढावा, तर आत दुकानाचा शर्ट,
खिशावर लाल मूस, त्याखाली माझं नाव, रेलिन,
आणि कितीही धुतला तरी न जाणारा
तळलेल्या कांद्याचा वास.
कोट घालूनच बसले.

समोर ग्रॅनक्विस्ट, माझ्या थोरल्याच्या वयाचा.
पेन्सिलीच्या टोकानं ओळी दाखवत जातो:
दुकानाची किंमत चार लाख वीस हजार डॉलर,
मुदत दहा वर्षं,
व्याज बदलतं, बदलताना कुणाला विचारत नाही.
"पंचाहत्तर टक्क्यांना सरकारची हमी आहे."
मला वाटलं, चला, कुणीतरी पाठीशी आहे.
"म्हणजे तुम्ही बुडालात," तो घसा साफ करतो,
"तर सरकार बँकेला देईल.
आणि तुम्ही सरकारला."

असं आहे तर.
पाण्यात मीच.
काठावर बँक, आणि तिचा तोल जाऊ नये म्हणून
तिला मागून धरून उभं सरकार.

घरावर बोजा. माझा विमा बँकेच्या नावे.
वेस्लीची सही वेगळी, चष्मा माझा.
कंपनीचा करार तर तळाच्या कढईएवढा जाड:
काकडीच्या चकत्या किती, त्यांची जाडी किती,
पाटीवरच्या मुसानं कुठल्या दिशेला बघायचं,
आणि विक्रीतला त्यांचा वाटा दर सोमवारी,
नफा होवो न होवो.

एका फॉर्मवर विचारलंय: या धंद्याचा अनुभव?
चौकोन दोन बोटांचा.
एकोणतीस वर्षं त्यात घडी घालून घातली.
बाहेर उरलं ते असं की
डाव्या झाऱ्याची कडी उचलून मग ओढावी लागते,
की उणे तीसला खिडकीची काच गोठते, तिला मीठ चालत नाही,
की खाणीतून माणसं कमी करतात तेव्हा
मोठी माणसं लहान मुलांचं पाकीट मागतात
आणि खेळणं परत देतात.
हळूच, काउंटरवरून सरकवून.
"पोरं मोठी झाली आता," म्हणतात.
ती खेळणी मी गल्ल्याखालच्या खणात टाकते.

दहा टक्के आपले घालायचे. बेचाळीस हजार.
अर्धे जमले. बोट विकली;
ट्रेलर निघताना वेस्लीनं तिच्या पोटावर थाप मारली,
घोड्याला मारतात तशी.
उरलेले अर्धे ऑर्वो लाहतेला उधार ठेवतोय,
ज्याचं दुकान आहे तोच.
बँकेची अट: कर्ज फिटेपर्यंत
त्यानं एक सेंट मागायचा नाही. व्याजसुद्धा नाही.
ऑर्वो शहात्तरचा आहे.
टेबलाशी चौघं होतो,
बेरीज कुणीच मोठ्यानं केली नाही.
"बरं," तो म्हणाला, "शहाऐंशीला हाती काहीतरी येईल.
तोवर माझ्या कॉफीचं बिल लावू नकोस."
आणि सही ठोकली,
माझ्या पहिल्या पगाराच्या चेकवर होती तशीच,
शेवटच्या अक्षराची शेपटी रेघेबाहेर.

ग्रॅनक्विस्टनं शेवटी विचारलं,
वाईट वर्ष आलं तर त्याचा अंदाज काय धरलाय?
मी हिशेबनिसानं केलेला तक्ता पुढे सरकवला.
त्यात वाईट वर्ष बारा टक्क्यांनी वाईट होतं.
तो समाधानानं मान हलवत राहिला.
खणाबद्दल मी काही बोलले नाही.

आज पहाटे साडेचारला किल्ली लावली.
तीच किल्ली, एकोणतीस वर्षांची,
पण आज कुलूप जरा जास्त वेळ घेतंय असं वाटलं.
दिवे लावले. बर्फाचं यंत्र गळत होतं,
काल ते ऑर्वोचं होतं.
फडकं टाकलं.
मग कोट न काढताच खण उघडला.

प्लॅस्टिकचे दोन लांडगे. एक फिरकी.
परवा लांडगा एकच होता.

खण बंद केला.
तेल तापायला ठेवलं.