येजो

पणज्याचं नाव उकंडा.
आधीची तीन लेकरं गेली, म्हणून चौथ्याला उकिरड्यावर लोळवून
हे नाव ठेवलं, मरणाला किळस यावी म्हणून.
मरणाला आली.
तिसाव्या वर्षी, तुरीच्या शेंगा भरत असताना,
त्याला संसाराची आली.
रिद्धपूरला जाऊन काळी वस्त्रं नेसला
आणि उद्धवमुनी झाला.

जाण्याआधी एकदा झोळी घेऊन
आपल्याच दारात उभा राहिला.
धुरपता पणजीच्या कडेवर माझा आजा, चार वर्षांचा.
तिनं झोळीत अर्धी भाकर टाकली
आणि म्हणाली, येजो.

आमच्याकडे जाणाऱ्याला जा म्हणत नाहीत.

मग लाहोर, पेशावर,
मग डोंगरापलीकडे काबूल.
तिथे सुक्या मेव्याच्या व्यापाऱ्यांना
जमिनीवर बसवून मराठी शिकवायचा,
कारण त्याचा देव मराठीत बोलला होता
आणि देवाचं बोलणं दुसऱ्या भाषेत सांडायची
त्याला भीती वाटायची.
बर्फात अनवाणी फिरला म्हणतात.
म्हणणारं कोणी तिथे गेलेलं नाही.

एक पत्र आलं. सकळ लिपीतलं,
पंथाच्या लोकांनाच वाचता येईल असं.
पणजीनं उलटंसुलटं करून पाहिलं.
'देवाचं असंल तर देव वाचंल.
माहं असतं तर साध्या अक्षरात आलं असतं.'
आणि ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवलं,
कडुलिंबाचा पाला घालतात तसं.

आज्याला तिनं वाढवलं.
याबद्दल कोणी पोथी लिहिली नाही.

मी संत्र्याचा ट्रक चालवतो.
दोन वर्षांपूर्वी आंबिया बहाराचा माल घेऊन
जालंधरला धुक्यात अडकलो, दोन दिवस.
चहाच्या टपरीवर फोनवर भावाला शिव्या देत होतो,
क्रेट मोजायला चुकला होता तो.
टपरीवाला म्हातारा, हरबंसलाल,
किटली हातात धरून बघतच राहिला.
फोन ठेवला तसे त्यानं हात जोडले.
दंडवत प्रणाम, म्हणाला.

मागच्या खोलीत, कणकेच्या डब्याच्या वर,
लाल फडक्यात बांधलेली पोथी.
काबूलहून पेशावरला, पेशावरहून फाळणीत इकडे,
त्याच्या आज्याच्या छातीशी बांधून आलेली.
त्यानं म्हणून दाखवलं, डोळे मिटून.
ळ अगदी आपला.
फक्त चांगल्याचा च चहाच्या च सारखा.
मग डोळे उघडून हिंदीत विचारलं,
'तुमच्याकडे या भाषेत भांडतातसुद्धा?'

भांडतो, म्हटलं. उधारी मागतो. बैल हाकतो.
तो आधी हसला.
नंतर बराच वेळ चहा ढवळत बसला,
साखर कधीच विरघळलेली असताना.

पोथी बांधताना त्यानं शेवटची गाठ मारली,
कपाळ टेकवलं
आणि म्हणाला, येजो.

काय म्हटलं, मी विचारलं.
'समाप्तीचा शब्द आहे. पोथीत लिहिलेला नाही.
काबूलचे बावाजी रोज म्हणायचे, गाठ मारताना,
म्हणून आम्हीही म्हणतो. चार पिढ्या झाल्या.
अर्थ तुम्हाला माहीत असेल.'

धुकं काचेला येऊन टेकलं होतं.
मी म्हटलं, आहे.
आणि सांगितला नाही.

निघताना एक क्रेट उतरवून दिला.
हिशेबात कमी भरला.
भावाला सांगितलं, सडला.

पत्र आता माझ्याकडे आहे, आरसीच्या कागदांसोबत,
प्लास्टिकच्या पिशवीत.
रिद्धपूर वाटेतच लागतं,
तिथे ते वाचून दाखवणारे आहेत अजून.
चार वेळा ट्रक हळू केला.
पणजीला न विचारता
कसं वाचणार?