दोर

हरिपूरच्या पेवांत आता हळद नसते.
महापुराने बहुतेक बुजली, एकात तू राहतोस.
अंगाला हळदीचा वास, नवरदेवासारखा,
नखांखाली पिवळं, कुठल्याच साबणाने न जाणारं.

मी मिरजेच्या रक्तपेढीत, रात्रपाळीला.
पस्तीस दिवस उलटलेल्या पिशव्या
वहीत ‘नष्ट केल्या’ असं लिहून
जेवणाच्या डब्याखाली दडवून तुला आणते.
नोंद खोटी, सही खरी.
एवढं पाप मलाही येतं.

पिताना तू पाठ फिरवतोस.
‘दिवस मावळला की आई
पाण्याचा घोटही घेऊ द्यायची नाही.
आणि बघ, मायाक्का, तिचा पायगोंडा
दिवस मावळल्यावरच जेवतो.’
हसलास. मी नाही हसले.
(बिल्ल्यावर माझं नाव माया आहे.
पूर्ण नावाने हाक मारणारी आत्या गेली, आता तूच.)

क्षमावाणीच्या रात्री तू सांगितलंस.
पेवात उतरण्याआधी कंदील सोडतात.
ज्योत विझली तर हवा विषारी, उतरायचं नाही.
‘धुळा हमालाने रीतीप्रमाणे कंदील सोडला.
ज्योत जळत राहिली.
हवा चांगली होती.
फक्त मी होतो.’

धुळा हमाल माझा आजा.
घरात सांगत, गुदमरला.
आत्या जन्मभर त्या कंदिलाची काच पुसायची
आणि त्यालाच शिव्या द्यायची.

मी वाट पाहिली. तू क्षमा मागितली नाहीस.
म्हणालास, ‘ज्या तोंडाने मागायची,
तेच ते तोंड.’

अकरा रात्री मी आले नाही.
अकरा रात्री नोंदवही खरी होती.
रोज सकाळी पेपर उघडायचे, आतल्या पानापर्यंत:
वाळवा, तासगाव, बेडग, म्हैसाळ.
कुठे काही नव्हतं. एक शेळीसुद्धा नाही.

बाराव्या रात्री आले, कंदील आणि दोर घेऊन.
तुझे ओठ वाळल्या हळकुंडासारखे.
कंदील पेटवला नाही.
त्याला तू कळत नाहीस,
हे आमच्या घराने एकदा पाहिलंय.
दोर कमरेला बांधला, टोक तुझ्या हातात दिलं.
‘मी उतरते. तू वर धर.’

खाली माती गार. भिंत चाचपली.
आजा कुठे टेकला असेल, काही कळलं नाही.
मग बसून राहिले. मुद्दाम.
पेवाचं तोंड काळं, मग राखाडी,
मग ताकाच्या निवळीसारखं.
संगमेश्वराच्या देवळात घंटा झाली.
दोर ढिला पडला नाही.
कातडं करपल्याचा वास
हळदीच्या वासात मिसळून खाली आला,
तरी दोर ढिला पडला नाही.

तेव्हा ओरडले, ‘खाली ये!’
‘मग तुला वर कोण काढणार?’
‘दिवस मावळल्यावर बघू. ये.’

आणि गळ्याला गुंडाळलेली ओढणी सोडली,
तुझे हात बांधायला काहीतरी लागणारच होतं.